माण, आटपाडी, जत : विरळ वस्तीच्या चराऊ मुलखाचा इतिहास कसा लिहावा?

माणकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. दहिवडी आणि म्हसवड यांच्या दरम्यानच्या एका लहान गावात मी शिक्षक आहे. गावाच्या यात्रेनिमित्त गावाचा इतिहास पुस्तिकेच्या रूपाने छापावा असे ग्रामस्थांनी ठरवले असून लेखनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. काम सुरू केल्यावर लक्षात आले की, आपल्या गावाला सांगण्यासारखा इतिहासच नाही, असे गावातल्याच लोकांना वाटते. वयस्कर माणसांना विचारले, तर "पूर्वी इथं काय नव्हतं, नुसता माळ होता," एवढेच उत्तर मिळते. किल्ला नाही, गढी नाही, ताम्रपट नाही. दुष्काळांची साले तेवढी सर्वांना तोंडपाठ आहेत.

माझी अडचण अशी आहे की, या भागात वस्ती एवढी विरळ का राहिली, याचे "पाऊस कमी" हे एका ओळीचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ज्या माळावर काहीच नव्हते असे म्हणतात, त्याच माळावर खिल्लार बैलांची पैदास झाली आणि मेंढरांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या जगले. म्हणजे तेथे काही तरी व्यवस्था असलीच पाहिजे. ती कोणती होती, ती कशी मोडली आणि तिचा माग कोणत्या कागदांत लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. उत्तरात सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे तालुके आले तरी चालतील; जिल्ह्याची रेघ अलीकडची आहे, माळ मात्र एकच आहे.

बनपुरीचा माळ

गुरुजी, आपल्या शंकेतच अर्धे उत्तर आहे. या मुलखाकडे आपण नेहमी नापीक शेतजमीन म्हणून पाहतो आणि मग तिच्यात काय नव्हते याची यादी करत बसतो. चराईचा मुलूख म्हणून पाहिले, तर ज्या गोष्टी उणिवा वाटतात त्यांतल्या बऱ्याच गोष्टी सोयीच्या होत्या असे दिसते.

पावसापासूनच सुरुवात करू. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि दहिवडीकडे तो जेमतेम पाचशेच्या आसपास राहतो. शिवाय आपल्याकडचा भरवशाचा पाऊस आषाढातला नसतो, तो उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा, म्हणजे परतीचा असतो. ज्वारीच्या दृष्टीने हा जुगार आहे. मेंढीच्या दृष्टीने नाही. मेंढीला चिखल मानवत नाही. सततच्या ओलीत तिची खुरे सडतात आणि अंगावरची लोकर भिजून ती आजारी पडते. त्यामुळे पावसाळ्यात कळप ठेवायला कोरडा, निचऱ्याचा, मुरमाड माळच लागतो. पहिल्या सरींनंतर तेथे कुसळी आणि पवन्या यांसारखी गवते तगतात, हिवर, बाभूळ आणि बोरीचा पाला मिळतो. दसरा-दिवाळीनंतर माळ वाळू लागला की कळप पश्चिमेकडे निघतात आणि मृगाच्या सुमारास परत येतात. हा मुलूख वर्षातले काही महिने भरलेला आणि काही महिने रिकामा असा असायचा. रिकाम्या महिन्यांत येणाऱ्या पाहुण्याला तो ओसाड वाटला, यात माळाचा दोष नाही.

गुरांचे गणित थोडे निराळे होते. खिल्लार म्हणजे जनावरांचा कळप आणि खिल्लारी म्हणजे तो राखणारा. जातीला हे नाव पडले ते तिच्या धंद्यावरून. म्हैसूरकडच्या हल्लीकर आणि अमृतमहाल या जनावरांशी तिचे नाते मानले जाते, आणि तिच्या प्रकारांची नावे पाहिली तर आटपाडी महाल आणि म्हसवड अशी आपल्याच परिसराची आहेत. हा योगायोग नाही. कृष्णाकाठच्या खोल काळ्या रानात लाकडी नांगर ओढायला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. विहिरीवरच्या मोटेला बैल लागत, आणि कराडकडचा गूळ कुंभार्ली घाटाने चिपळूणला न्यायचा तर गाडीलाही बैलच लागत. एवढे बैल कृष्णाकाठी पैदा होणे परवडणारे नव्हते, कारण तेथली जमीन पिकाखाली होती आणि गाय पाळायला माळ उरला नव्हता. म्हणून गाय माणदेशात राहायची, खोंड माणदेशात वाढायचे आणि जत्रेत विकले जाऊन पश्चिमेला जायचे. खरसुंडीच्या सिद्धनाथाची पौषातील यात्रा, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची मार्गशीर्षातील यात्रा, जतची यल्लम्मा यात्रा आणि आटपाडीच्या उत्तरेश्वराची कार्तिकातील यात्रा, जिथे मेंढ्या-बोकडांचा बाजार भरतो, या देवाच्या यात्रा आहेतच, पण आपल्या मुलखाची पेठही त्याच होत्या. विरळ वस्तीचा पूर्वभाग दाट वस्तीच्या पश्चिमभागाला बैलांचे बळ आणि शेतात बसवलेल्या मेंढरांचे खत पुरवत होता आणि त्या बदल्यात धान्य घेत होता. गावाच्या इतिहासात हा व्यवहार आला नाही, तर पुस्तिकेत दुष्काळच उरतील.

ताम्रपट नाही असे आपण लिहिले आहे, त्याबद्दल एक जाता जाता सांगतो. चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपास माणपूर येथून राज्य करणाऱ्या राष्ट्रकूटांचे एक जुने घराणे ताम्रपटांतून माहीत आहे. माणांक हा त्यांचा पूर्वज. इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी हे माणपूर म्हणजे साताऱ्याचे माण असल्याचे मत मांडले होते. आपल्या गावाशी त्याचा थेट संबंध नाही, पण "इथं काय नव्हतं" म्हणणाऱ्यांना ऐकवायला ते उपयोगी पडेल. त्यापेक्षा मला शिखर शिंगणापूरचा तलाव अधिक बोलका वाटतो. मालोजीराजे भोसले यांनी शंभू महादेवाच्या यात्रेकरूंसाठी डोंगरावर तलाव बांधला. यात्रा मोठी आणि पाणी नाही, अशी ही जागा. येथे सत्ताधाऱ्याने करण्यासारखे पहिले काम गढी बांधण्याचे नव्हते, पाणी साठवण्याचे होते.

डफळापूर रोड

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला, पण मला थोडी सावधगिरी सुचवावीशी वाटते. विरळपणा ही व्यवस्था होती हे खरे असले, तरी सगळाच विरळपणा व्यवस्थेतून आलेला नाही. काही माणसे मेली म्हणूनही मुलूख विरळ झाला.

मी जतकडचा असल्याने तेथील आकडे देतो. डफळे घराण्याचे जत संस्थान, त्यातच डफळापूर धरून, सुमारे 980 चौरस मैलांचे होते आणि 1901 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 68,665 भरली. म्हणजे चौरस मैलाला साधारण 70 माणसे. त्याच वर्षी सातारा जिल्ह्याचे क्षेत्र 4,825 चौरस मैल आणि लोकसंख्या 11,46,559 होती, म्हणजे चौरस मैलाला सुमारे 238. जतमध्ये वस्ती साताऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी दाट होती. शेती आणि गुरांची पैदास हेच त्या काळात संस्थानचे मुख्य धंदे नोंदलेले आहेत. सांगण्यासारखा कारखाना एकही नव्हता. येथवर सगळे वरच्या विवेचनाशी जुळते. पण 1891 ते 1901 या दहा वर्षांत जतची लोकसंख्या 14 टक्क्यांनी घटली, तर सातारा जिल्ह्याची सुमारे 6 टक्क्यांनी. मधल्या काळात 1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ पडले आणि प्लेग येऊन गेला. दहा वर्षांपूर्वी जेथे सुमारे 80,000 माणसे होती, तेथे अकरा-बारा हजार कमी झाली. त्यांतली किती मेली आणि किती जगायला बाहेर पडली हे या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही. पण याला चराईची लय म्हणता येणार नाही.

या आकड्यांबाबत एक तांत्रिक मुद्दा मात्र गुरुजींनी पुस्तिकेत अवश्य घ्यावा, कारण तो बहुतेक ठिकाणी निसटतो. त्या काळची जनगणना एका ठरावीक रात्री होत असे आणि माणूस त्या रात्री जेथे असेल तेथेच मोजला जाई. 1881 ची गणना 17 फेब्रुवारीला, 1891 ची 26 फेब्रुवारीला आणि 1901 ची 1 मार्चला झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या भागातील धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारी बिऱ्हाडे, कोठे असतात? कृष्णा-वारणेच्या काठी, नाही तर घाट उतरून कोकणात. म्हणजे माळावरच्या माणसांपैकी एक मोठा भाग दर खेपेस दुसऱ्याच तालुक्याच्या खात्यावर पडत होता आणि आपला मुलूख कागदावर प्रत्यक्षाहून अधिक विरळ दिसत होता. मात्र तिन्ही गणना एकाच ऋतूतल्या असल्याने ही चूक तिन्ही वेळा जवळपास सारखीच झाली असणार, म्हणून 14 टक्क्यांची घट तिच्या नावावर टाकता येणार नाही. विरळपणाचा काही भाग मोजणीचा आहे, घट मात्र खरी आहे.

माणकाठ

दोघांचेही मनापासून आभार. जनगणनेच्या तारखांचा विचार मी स्वप्नातही केला नव्हता. एक उपप्रश्न आहे. आमच्या गावातील माळाचा मोठा तुकडा आज वनखात्याकडे आहे, दुसरा गायरान म्हणून लागलेला आहे, आणि तिसऱ्यावर शेते पडली आहेत. हे तिन्ही तुकडे पूर्वी एकच माळ होते असे म्हातारी माणसे सांगतात. तो केव्हा आणि कसा तुटला, हे शोधता येईल का?

साखळीवाला

मी भूमि अभिलेखातून निवृत्त झालेला माणूस आहे, इतिहासकार नाही. पण या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आमच्याच दप्तरात असल्याने लिहितो.

मोजणी येण्यापूर्वी माळाला गट नंबर नव्हता, हक्क मात्र होते. मराठेशाहीच्या कागदांत वनचराई, शिंगशिंगोटी असे जनावरांशी निगडित कर आढळतात, सरकारी घोड्यांसाठी राखलेली कुरणे आढळतात, आणि कोणाची जनावरे कोठवर चरतील यावरून गावागावांतले तंटेही आढळतात. या कागदांचा मोठा साठा पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे. तो मोडीत असल्याने वाचक शोधावा लागेल, पण माण परगण्याचे कागद मागवून पाहण्यासारखे आहेत. कर होता याचा अर्थ सत्तेला माळ उत्पन्नाची जागा म्हणून ठाऊक होता. "काही नव्हते" ही भाषा नंतरची आहे.

1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि त्यानंतर माण व खटाव थेट इंग्रजी अमलात आले. शेजारचे आटपाडी औंध संस्थानात, जत डफळ्यांकडे, सांगोला सोलापूर जिल्ह्यात. एका कळपाच्या वर्षभराच्या वाटेत तीन-चार अंमल लागत, आणि म्हणूनच आज त्याचे कागद एका जागी मिळत नाहीत. इंग्रजी मोजणीने प्रत्येक तुकड्याला नंबर दिला आणि प्रत्येक नंबराला एक सदर. पिकाखाली असेल तर खातेदाराचे नाव, नसेल तर सरकारी पड. गावाच्या गुरांसाठी राखले तर गायरान. यात गावात राहणाऱ्याच्या गुरांची सोय झाली, पण वर्षातून दोनदा येऊन जाणाऱ्याला सदरच उरले नाही. माझ्या मते माळ तुटला तो येथे. पुढचे सगळे त्या रेघांवरच घडले.

नंतर 1878 चा वनकायदा आला. पूर्वेकडच्या तालुक्यांत जंगल म्हणावे असे फारसे नव्हते, पण डोंगरउतारांवरचा गवताळ पडही राखीव वनात घेतला गेला. 1894 च्या वनधोरणात वनांचे जे चार वर्ग केले, त्यांतला चौथा वर्ग नावानिशी कुरणांचा होता. म्हणजे आपण वन म्हणतो त्यातले काही गवतच आहे हे सरकारला मान्य होते. तरी अंमल वनासारखाच राहिला. चराईला पास, पासाला फी, शेळीला मज्जाव, आणि शिरलेली जनावरे कोंडवाड्यात. दुष्काळात कुरणे खुली करायची आणि पाऊस पडला की पुन्हा बंद करायची, हा क्रम मी नोकरीत असतानाही पाहिला आहे.

आता व्यवहाराचे. गावचा जुना आकारबंद (प्रत्येक नंबराचे क्षेत्र आणि आकार यांची नोंद) आणि मूळ मोजणीचा नकाशा यांच्या नकला तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मागा आणि गटवारीच्या नकाशाशेजारी ठेवा. तलाठ्याकडे गाव नमुना 1-अ मध्ये वनजमिनी व 1-ई मध्ये अतिक्रमणे नोंदलेली असतात. गायरानात शेते केव्हा पडली याचा अंदाज 1-ई वरून येईल, मात्र ही नोंद बहुधा उशिराची असते. प्रत्यक्ष नांगर आधी फिरलेला असतो, कागद मागून येतो. गावकीतले हे दुखणे असल्याने पुस्तिकेत नावे छापू नका. क्षेत्र आणि साल पुरेसे आहे.

वाघर

नमस्कार. हे सगळे वाचताना एक गोष्ट जाणवली की, मेंढपाळांविषयी चौघे बोलत आहेत, पण मेंढपाळाच्या घरचे कोणी नाही. माझे माहेर कवठेमहांकाळ तालुक्यातले. आजोबांचा वाडा कृष्णाकाठी फिरायचा, आणि मी लहानपणी दोन वर्षे त्या वाड्याबरोबर होते. सध्या विट्यात नोकरी करते. वाडा म्हणजे मोठे घर नव्हे, हे शहरी वाचकांसाठी सांगते. चार-पाच बिऱ्हाडे, त्यांची मेंढरे, ओझ्याची घोडी, कुत्री आणि कोंबड्या मिळून जे चालते तो वाडा. रात्री मेंढरांभोवती जे जाळे लावतात ती वाघर.

बनपुरीकर म्हणतात तो धान्याचा व्यवहार मी पाहिलेला आहे. ऊस, हळद किंवा शाळू लावण्याआधी शेतकरी रान मोकळे ठेवायचा आणि मेंढरे बसवायला बोलवायचा. किती रात्री आणि किती पायल्या हे कारभारी ठरवायचा. रोज वाघर उचलून पुढच्या पट्ट्यात लावायची, म्हणजे लेंडी-मूत सगळ्या रानात सारखे पडते. आजोबा धान्य घ्यायचे, वडिलांच्या काळात रोख आले. लोकर कातरून सनगरांकडे जायची, सूत काढले जायचे, चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणली जायची. आज आमच्याकडे कातरलेल्या लोकरीला कोणी विचारत नाही आणि ती बांधावर टाकून दिली जाते. माडग्याळ मेंढीला मात्र भाव आहे. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून नाव पडलेली ही उंच, पोपटासारख्या बाकदार नाकाची मेंढी आज हौसेने आणि मोठ्या रकमेला विकली जाते, पण तो मांसाचा आणि प्रतिष्ठेचा बाजार आहे, खताचा आणि लोकरीचा नव्हे.

डफळापूरच्या बंधूंनी दुष्काळाचे आकडे दिले त्यावर माझे थोडे वेगळे म्हणणे आहे. आमच्यात दुष्काळाच्या गोष्टी सांगतात त्या मरणाच्या कमी आणि वाट बदलल्याच्या जास्त असतात. गुरेवाला शेतकरी गावाला बांधलेला असतो, त्याची जनावरे दावणीला मरतात. 1972 साली त्याने निवडुंगाचे काटे भाजून गुरांना घातले, 2012-13 मध्ये तो चारा छावणीत जाऊन राहिला. मेंढरेवाला महिनाभर आधी निघतो आणि लांबवर जातो. त्याचेही नुकसान होते, पण त्याच्या हातात चालणे असते. दुष्काळाने आमचा धंदा मोडला नाही. मोडला तो वाटा बंद झाल्यावर.

वाटा कशा बंद झाल्या ते सांगते. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू योजनांचे पाणी पूर्वेकडे आले आणि ज्या माळावर पावसाळ्यात आम्ही राहायचो तेथे द्राक्ष आणि डाळिंब आले. पाणी येऊ नये असे मी म्हणणार नाही; माझ्याच भावाची बाग आहे. पण बागेला कुंपण येते, बागेत फवारणी होते, आणि फवारलेल्या बांधावरचे गवत मेंढराला चालत नाही. कृष्णाकाठी उसाचे एक पीक निघाले की लगेच दुसरे लागते, त्यामुळे मेंढरे बसवायला मोकळे रानच सापडत नाही. तिसरी गोष्ट लिहायला जरा अवघड वाटते, कारण ती चांगल्या कामातून आली आहे. माण-खटावात गेल्या काही वर्षांत पाणलोटाची मोठी कामे झाली, समतल चर निघाले, झाडे लागली, आणि त्याबरोबर गावोगावी चराईबंदी आली. झाडे जगवायची तर चराई थांबवावी लागते, हे पटते. पण ठराव करणाऱ्या ग्रामसभेत बाहेर फिरणारा मेंढका नसतो, आणि परत येतो तेव्हा त्याला फलकच दिसतो. आमच्या एका नातलगाला परतीच्या वाटेवर अशाच रानातून कळप नेल्याबद्दल एका कार्यालयाने दंड केला. वाट जुनी होती एवढेच त्याला सांगता आले, आणि त्याचा कागद कोणाकडेच नव्हता. साखळीवाले काका म्हणतात ते "सदरच उरले नाही" याचा अर्थ आमच्या घरात असा कळला.

डफळापूर रोड

ताईंचा मुद्दा मान्य. मी दिलेली घट सरसकट सर्वांची धरली, ती मेंढपाळांना आणि दावणीला गुरे बांधणाऱ्या शेतकऱ्यांना सारखीच लागू पडली असेल असे समजण्याचे कारण नाही. माझे वाक्य सुधारून घेतो.

गुरांबद्दल एक भर घालतो. खिल्लारची गरज ट्रॅक्टर आणि विजेच्या पंपाने संपवली, हे साधारणपणे सांगितले जाते आणि ते खरे आहे. मोट गेली तेव्हा पहिला गिऱ्हाईक गेला. साखर कारखान्यांच्या ऊसवाहतुकीच्या गाड्यांनी आणि शर्यतींनी मागणी काही काळ टिकवून धरली. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणल्यावर खोंडांचे दर पडले, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाल्यावर ते पुन्हा चढले. खरसुंडीच्या बाजारात हा चढउतार अगदी डोळ्यांना दिसला. मात्र शर्यतीला लागतो तो चपळ खोंड. गाईंचा कळप माळावर राखणारा खिल्लारी त्यातून परत येत नाही. आज गोठ्यात एकच देखणा बैल आणि त्याला अंडी-दूध, असे चित्र आहे. जात टिकेल, पण ज्या चराईवर ती घडली ती राहणार नाही, असे मला वाटते.

बनपुरीचा माळ

ताईंनी लिहिलेल्या एका गोष्टीवर मलाही माझे विधान दुरुस्त करायला हवे. मी "व्यवस्था" हा शब्द फार सहज वापरला. तिच्यात देवाणघेवाण होती तशी उतरंडही होती. रान कोणाचे आणि वाघर कोणाची, यावर बोलण्याचा सूर ठरत असे.

श्रद्धेची बाजू मात्र गुरुजींनी सोडू नये. आरेवाडीच्या बिरोबाचे बन, म्हसवड आणि खरसुंडीचे सिद्धनाथ, शिंगणापूरचा शंभू महादेव ही ठिकाणे नकाशावर मांडली, तर कळपांच्या वाटा बऱ्याच अंशी उमटतात. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर राहून ओव्या आणि दैवतकथा गोळा केल्या, त्यामागे हाच विचार होता की ज्यांचे कागद नाहीत त्यांचा इतिहास त्यांच्या देवांच्या कथांत सापडतो. देव कोठून निघाला, कोठे थांबला, कोणत्या पाणवठ्यावर कोणाशी भांडला, हे ऐकताना चाऱ्याची आणि पाण्याची वाट ऐकू येते. जतकडे तर हीच दैवते कानडी ओवीतही भेटतात. आपल्या गावच्या शिवारात एखादे लहान ठाणे, शेंदूर लावलेला धोंडा असेल, तर तो कोणत्या वाड्याचा आणि वर्षातून कोणत्या महिन्यात त्याच्यापुढे सुंबरान (ओव्या गाऊन देवाचे स्मरण) मांडले जाते, एवढे विचारून पाहा.

माणकाठ

सर्वांचा ऋणी आहे. काल संध्याकाळीच गावातील दोन वृद्धांकडे गेलो आणि पहिल्यांदा "पूर्वी काय होते" असे न विचारता "मेंढरे कोणत्या महिन्यात यायची आणि वाघर कोठे लागायची" असे विचारले. दीड तास बोलणे चालले. माळाला एकच नाव आहे असे मी समजत होतो. त्याच्या निरनिराळ्या भागांची सात नावे मिळाली, त्यांतली दोन पाणवठ्यांची आहेत आणि एक पाणवठा आज वनखात्याच्या हद्दीत आहे. राजेवाडीचा तलाव 1876-77 च्या दुष्काळी कामातून उभा राहू लागला, त्यावर खडी फोडायला गेलेल्या पणजीची आठवणही एका घरात निघाली. पुस्तिकेचे पहिले प्रकरण आता या सात नावांचे करतो आहे. जुन्या मोजणीच्या नकाशासाठी अर्ज दिला आहे.

वाघर ताई, एक विचारायचे राहिले. त्या वृद्धांनी एका जागेला "उलटीची वाघर" असे म्हटले आणि अर्थ त्यांनाही सांगता आला नाही. आपल्याकडे असे काही म्हणतात का?

वाघर

आमच्याकडे हा शब्द ऐकलेला नाही, त्यामुळे खात्रीने सांगत नाही. पण वाडा परत फिरण्याला आमची माणसे उलटणे म्हणतात. मृगाआधी परतताना गावाच्या शिवेवर शेवटचा मुक्काम पडतो, दुसऱ्या दिवशी कळप वाटले जातात आणि जो तो आपापल्या वस्तीला जातो. ती जागा शिवेजवळ आहे का आणि पश्चिमेच्या अंगाला आहे का, ते पाहून कळवा.